न्हाणीघरातले गाणे

न्हाणीघरात गाताना आपला आवाज आपल्यालाच आवडतो, हा अनुभव कोणाला नाही? दिवाणखान्यात बेसूर ठरलेले गृहस्थ बादलीशेजारी उभे राहिले की गवई होतात! यात जादू काही नाही. गुळगुळीत फरशीवर आपटून आवाज परत येतो आणि त्या पडसादांनी गळा भरदार वाटतो. हे घरगुती गुपित हाताशी धरून लंडनमधल्या एका माणसाने जगाला डोलायला लावले. त्याचे नाव जो मीक.

मीक १९२९ साली न्यूएंट या इंग्लिश गावी जन्मला. विमानदलात त्याने रडारचे काम केले, मग लंडनच्या स्टुडिओंत ध्वनिमुद्रणाचे. पण तिथल्या वरिष्ठांशी त्याचे पटेना. १९६० साली त्याने ३०४, होलोवे रोड येथे कातडी सामानाच्या दुकानावरची जागा भाड्याने घेतली आणि बिऱ्हाड व स्टुडिओ एकत्रच थाटले.

मग त्या घराचा कानाकोपरा गाऊ लागला. १९६१ च्या ‘जॉनी रिमेंबर मी’ या गाण्याच्या वेळी गायक बैठकीच्या खोलीत, व्हायोलिनवाले जिन्यावर आणि कोरस न्हाणीघराशी! १९६४ साली एका गाण्याला दणदणीत ठेका हवा होता. मीकने सायकलच्या क्लिपांनी जिन्याला मायक्रोफोन अडकवले आणि वादकांना लाकडी पायऱ्यांवर पाय आपटायला लावले.

मिश्रणाचे काम मात्र जिकिरीचे. एका टेपवर साथ घ्यायची, ती वाजवीत तिच्यावर नवा सूर चढवायचा आणि दोन्ही मिळून दुसऱ्या टेपवर उतरवायचे. आमटीत मीठ जास्त पडले तर काढता येते का? तसेच हे. शिवाय प्रत्येक नकलेगणिक खरखर वाढायची.

१० जुलै १९६२ रोजी टेलस्टार उपग्रह आकाशात गेला. मीकला स्वरलिपी येत नव्हती. त्याने चाल गुणगुणून वादकांना दिली. त्याच घरात मुद्रित झालेली ‘टेलस्टार’ ही धून त्याच वर्षी ब्रिटन आणि अमेरिका, दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर पोचली!

पण एका फ्रेंच संगीतकाराने चाल चोरल्याचा दावा लावला आणि मीकचे मानधन अडकून पडले. कर्ज वाढले. आपले आवाज कोणी चोरून ऐकते आहे, या संशयाने त्याला घेरले. बाहेरचा माणूस कामावरून दमून घरी येतो. मीकने परतायचे कुठे? त्याचे घर हेच त्याचे काम होते. ३ फेब्रुवारी १९६७ रोजी त्याने घरमालकिणीला गोळी घातली आणि पाठोपाठ स्वतःला संपविले. दाव्याचा निकाल त्याच्या बाजूने लागला. पण तो ऐकायला मीक उरला नव्हता.

आज संगणक आणि एक मायक्रोफोन असला की निजायच्या खोलीचाही स्टुडिओ होतो. लॉस एंजेलिसच्या बिली आयलिश या मुलीने भावाच्या खोलीत केलेल्या गाण्यांच्या संग्रहाला २०२० साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला. ती बहीणभावंडे आईवडिलांच्या घरात गात होती. भिंतीपलीकडे आपली माणसे होती.

होलोवे रोडच्या त्या घरावर आता एक पाटी आहे. जो मीक इथे राहिला, इथेच त्याने काम केले आणि इथेच तो वारला, असे ती सांगते.