यंत्रानं वाचवलेला वेळ कुणाचा?

मंडळी, येलदरीत येऊन यंत्राला नावं ठेवायला मी उभा नाही. तुमच्या धरणाच्या पायथ्याशी पूर्णेचं पाणी टर्बाइन फिरवतं, वीज होते. ते काम माणसाच्या हातानं झालंच नसतं. आजचा प्रश्न वेगळा आहे. जे काम माणूस करत होता, तेच यंत्रानं घेतलं तर?

चार्ली चॅप्लिननं १९३६ साली ‘मॉडर्न टाइम्स’मध्ये हे हसवत हसवत दाखवलं. चार्ली कारखान्यात सरकत्या पट्ट्यावरचे नट आवळतो. एक दिवस मालकापुढं अजब यंत्र येतं, कामगाराला जेवू घालणारं! ते सूप पाजतं, मक्याचं कणीस दातांपुढं फिरवतं, तोंडसुद्धा पुसतं. मग बिघडतं, कणीस गरागरा फिरायला लागतं आणि आपण पोट धरून हसतो. पण ते यंत्र आणलं कशाला होतं? जेवणाची सुट्टी वाचवायला. आणि तो वाचलेला वेळ चार्लीच्या पदरात पडणार नव्हता, मालकाच्या पडणार होता.

गंमत बघा, त्याआधी १९३१ साली चॅप्लिन लंडनमध्ये गांधीजींना भेटले होते. बोलणं निघालं ते यंत्राचंच. गांधीजींचाही सरसकट यंत्राला विरोध नव्हता. शिवणयंत्राचं तर त्यांना कौतुक होतं.

आपल्याकडं १९५७ साली बी. आर. चोप्रांचा ‘नया दौर’ आला. त्यात शेठचा मुलगा लाकूड कापायचं यंत्र आणतो, कामगार घरी बसतात. मग बस येते, टांगेवाल्यांच्या पोटावर पाय येतो. दिलीपकुमारचा शंकर बसशी शर्यत लावतो. पण यंत्र नकोच, असं त्याचं म्हणणं नाही. यंत्राबरोबर आम्हीही जगलो पाहिजे, एवढंच त्याचं मागणं.

आता आपल्या मराठवाड्यात या. नवरा-बायको उचल घेऊन ऊसतोडीला जातात. मुकादमाच्या हिशेबात दोघं मिळून एक ‘कोयता’. आता फडात हार्वेस्टर उतरलाय. तोडणीचे हाल थांबले तर चांगलंच की! पण हार्वेस्टर घेणाऱ्यासाठी सरकारी अनुदान आहे. मग ज्यांच्या हातातला कोयता सुटला, त्या दोघांसाठी काय?

चॅप्लिनचं कणीस पुन्हा बघाल तेव्हा जरूर हसा. हसून झालं की मात्र हा हिशेब मागा.