बिनतारी लहरी गर्दी ओळखतात

सुटीत शाळेचे वर्ग रिकामे असत. तेव्हा आम्ही हाक मारली की आवाज घुमे. तोच वर्ग मुलांनी भरला की आवाज घुमत नसे. मुलांच्या अंगाकपड्यांत तो जिरून जाई. म्हणजे डोळे मिटूनही वर्ग भरलेला की रिकामा, हे सांगता येई. आज अशीच एक युक्ती आपण समजून घेऊ.

तुमच्या मोबाईलवर आवाज येतो तो तारेवाचून. त्याला आणतात बिनतारी लहरी. वायफायच्याही लहरी अशाच. त्या डोळ्यांना दिसत नाहीत. पातळ भिंतीतून त्या पार जातात; पण पाण्यात त्या जिरतात. आणि माणसाचं अंग म्हणजे काय? निम्म्याहून जास्त पाणीच! म्हणून माणूस आड आला की लहरींचा जोर कमी होतो.

समजा, एका मोठ्या खोलीत एका बाजूला लहरी सोडणारी पेटी ठेवली, समोर लहरी पकडणारी. खोली रिकामी असताना किती जोर पोचतो, ते लिहून ठेवले. मग दहा माणसे आत घेतली, मग वीस, मग पन्नास. दर वेळी जोर मोजून तक्ता केला. पुढे त्या तक्त्यावरून गर्दीचा अंदाज येतो. कोणाचा चेहरा पाहावा लागत नाही. अंधारातही काम होते.

दुसरी रीत मोबाईल मोजण्याची. वायफाय चालू असलेला मोबाईल मधूनमधून 'जवळ कोणी आहे का?' अशी हाक देतो. लंडन शहरात जमिनीखालून आगगाड्या धावतात. तेथे २०१६ साली ५४ स्टेशनांवर चार आठवडे या हाका टिपल्या. सुमारे ५६ लाख मोबाईल सापडले. २०१९ च्या जुलैपासून हे काम तेथे कायमचे सुरू केले. मोबाईल कोणाचा हे कळू नये, म्हणून त्याची खूण बदलून ठेवतात.

पण हा अंदाज आहे, पक्की मोजणी नव्हे. कोणाजवळ दोन मोबाईल, कोणाजवळ एकही नाही. खोलीत लोखंडी कपाट हलवले तरी जोर बदलतो. तक्ता नव्याने करावा लागतो.

मग एवढा खटाटोप कशाला? २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर पावसाच्या वेळी माणसे दाटली. चेंगराचेंगरीत २३ जण दगावले. दाटीत पुढे काय झालंय ते मागच्याला दिसत नाही. तो रेटतच राहतो. वेळीच इशारा मिळाला, तर मागची वाट अडवता येते, दुसरी उघडता येते.

यंत्र फक्त इशारा देते. वाट माणसानेच उघडायची असते. म्हणून गावच्या सभेत, जत्रेत, लग्नमंडपात दोन वाटा मोकळ्या ठेवा. आणि पुढचा थांबला, तर आपणही थांबा. रेटू नका.