महाग चहा खरंच चांगला असतो का? घरच्या घरी तीन कपांत असं तपासा

किराणा दुकानात चहाच्या रॅकसमोर उभं राहिलं की गोंधळ ठरलेला. एका पाकिटावर 'प्रीमियम', दुसऱ्यावर 'गोल्ड', तिसऱ्यावर 'स्ट्राँग'. पनवेलच्या बाजारात गेलात तर पाकिटांच्या जोडीला सुटा चहाही दिसतो. किलोच्या भावात कधी कधी दुपटीचा फरक असतो. मग आपण काय करतो? घरात वर्षानुवर्षं जे येतंय तेच पाकीट उचलतो आणि पुढे जातो.

पण चहा हा रोजचा खर्च आहे. चार माणसांच्या घरात प्रत्येकी दोन कप धरले, तरी महिन्याला अर्धा-पाऊण किलो चहा सहज संपतो. त्यामुळे आपण जास्तीचे पैसे चवीसाठी देतोय की पाकिटासाठी, हे कळलेलं बरं. त्यासाठी कुठला कोर्स लागत नाही. स्वयंपाकघरातल्या वस्तू आणि एक रविवार पुरे.

पाकिटावरचे शब्द नेमकं काय सांगतात?

आधी एक मूळ गोष्ट. काळा चहा, ग्रीन टी, व्हाइट टी, ऊलाँग हे सगळे एकाच झाडापासून होतात. त्याचं शास्त्रीय नाव कॅमेलिया सायनेन्सिस. फरक पडतो तो पानं तोडल्यानंतरच्या प्रक्रियेमुळे. पानं चुरडली की हवेतल्या ऑक्सिजनशी त्यांची प्रक्रिया होते, रंग तांबूस-काळा होतो आणि चव भरदार होते. हा झाला काळा चहा. पानं तोडल्यावर लगेच उष्णता देऊन ही प्रक्रिया थांबवली की ग्रीन टी. ती अर्धवट होऊ दिली की ऊलाँग. आपला गवती चहा मात्र या कुटुंबातला नाही. ते वेगळंच गवत आहे, नावात चहा असला तरी.

आता आपल्या घरातल्या चहाकडे येऊ. आपण उकळतो तो दाणेदार चहा बहुतेक वेळा 'सीटीसी' पद्धतीचा असतो. म्हणजे पान चिरडायचं, फाडायचं आणि त्याचे गोल दाणे वळायचे. १९३० साली आसाममधल्या अमगुरी मळ्यात विल्यम मॅकर्चर यांनी ही पद्धत आणली. दातेरी रोलरमधून पान गेलं की बारीक दाणे तयार होतात. ते पटकन रंग सोडतात आणि दूध-साखर घातली तरी चव टिकवून धरतात. भारतात आज सर्वाधिक चहा याच पद्धतीने तयार होतो. याउलट 'ऑर्थोडॉक्स' चहात पान फारसं न तोडता वळलं जातं. दार्जिलिंगचा लांब पानांचा चहा हे त्याचं ओळखीचं उदाहरण.

सगळ्यात मोठा गैरसमज 'डस्ट' या शब्दाबद्दल आहे. डस्ट म्हणजे कारखान्यात झाडून काढलेला कचरा, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. तयार चहा वेगवेगळ्या चाळण्यांमधून चाळतात आणि सगळ्यात बारीक दाण्याला डस्ट म्हणतात. म्हणजे हा शब्द आकार सांगतो, दर्जा नाही. दाणा जितका बारीक तितका तो पाण्याच्या जास्त संपर्कात येतो, म्हणून चहा लवकर आणि कडक होतो. उत्तम डस्ट असतो, तसा सुमार मोठा दाणाही असतो.

आणि 'प्रीमियम', 'गोल्ड'? ही बहुतेक वेळा कंपनीने स्वतः ठेवलेली नावं असतात. पाकिटातला चहा सहसा एका मळ्याचा नसतो. अनेक मळ्यांचा चहा मिसळून तो तयार होतो. पीक बदललं, हंगाम बदलला तरी चव तीच राहावी, यासाठी कंपन्यांचे तज्ज्ञ दिवसाला शेकडो कप चाखतात. त्यांची पद्धत घरी वापरता येते.

चहा चाखण्याचा जागतिक नियम

चहा चाखण्यासाठी कसा तयार करायचा, याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. नाव आयएसओ ३१०३, साल १९८०. चिनी मातीचं भांडं, १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम चहा, उकळतं पाणी आणि बरोबर ६ मिनिटं, असा तो हिशोब. याच्या ब्रिटिश भावंडाची थट्टाही झाली आहे. चहाच्या कपासाठी सहा पानी नियमावली काढल्याबद्दल ब्रिटिश स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशनला १९९९ साली साहित्याचं इग नोबेल मिळालं होतं.

थट्टा बाजूला ठेवली तर मुद्दा साधा आहे. या पद्धतीने चहा चविष्ट होतोच असं नाही, पण प्रत्येक कप सारखा होतो. एक चहा पाच मिनिटं उकळला आणि दुसरा दोन, तर ती तुलना चहाची नाही, गॅसची झाली.

घरी कसं करायचं?

१. दोन किंवा तीनच चहा घ्या. नेहमीचा एक, महाग एक आणि हवा तर सुटा एक. त्याहून जास्त झाले की जिभेला फरक कळेनासा होतो.

२. चहा मोजून घ्या. वजनकाटा नसेल तर दाणेदार चहाचा एक सपाट छोटा चमचा म्हणजे साधारण २ ग्रॅम धरा. लांब पानांचा चहा मात्र फुगीर असतो, तो चमच्याने मोजला तर वजनात कमी भरतो.

३. आधी कोरा चहा करा. कपात चहा टाका, १०० मिलिलिटर उकळतं पाणी ओता, सहा मिनिटं झाकून ठेवा आणि गाळा. दूध, साखर, आलं, वेलची काही नाही. आल्याखाली सुमार चहाही लपतो. ग्रीन टी मात्र उकळत्या पाण्यात कडवट होतो, त्यासाठी पाणी ७५-८० अंशांपर्यंत निवू द्या.

४. गाळणीतला चोथा फेकू नका. गरम असतानाच त्याचा वास घ्या. शिळा, कुबट किंवा मसाल्याचा वास येत असेल तर तो इथे लगेच कळतो.

५. भुरका मारा. लहानपणी ज्यावरून ओरडा खाल्ला, तेच इथे करायचं आहे. भुरका मारल्यावर चहा हवेबरोबर तोंडभर पसरतो आणि त्याचा गंध घशामागून नाकापर्यंत पोहोचतो. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग गंधाचाच असतो.

६. रंग, वास, तुरटपणा आणि गिळल्यावर मागे उरणारी चव, या चार गोष्टी प्रत्येकाने आपापल्या कागदावर लिहायच्या. सगळ्यांचं लिहून होईपर्यंत मोठ्याने बोलायचं नाही. घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाने 'हा भारी आहे' म्हटलं की बाकीच्यांना तोच भारी लागायला लागतो.

साधारणपणे आसामचा चहा गडद आणि भरदार लागतो, दार्जिलिंगचा फिका पण सुगंधी, निलगिरीचा स्वच्छ आणि तरतरीत. पण हे ढोबळ वर्णन. तुमच्या पाकिटात काय आहे, ते तुमची जीभ सांगेल.

पनवेलकरांनो, पाण्याकडे लक्ष द्या

चहाच्या कपात सगळ्यात जास्त काय असतं? पाणी. आणि पनवेलमध्ये सगळ्यांच्या नळाला एकच पाणी नाही. जुन्या शहराला देहरंग धरणाचं पाणी येतं, सिडको वसाहतींना इतर योजनांचं. उन्हाळ्यात अनेक सोसायट्यांमध्ये टँकर येतात, काही ठिकाणी बोअरचं पाणी वापरात असतं.

पाणी जड असेल, म्हणजे त्यात कॅल्शियमचे क्षार जास्त असतील, तर कोऱ्या चहावर पातळ तवंग धरतो आणि रंग मळकट दिसतो. त्यामुळे गावी झक्कास लागणारा चहा इथे फिका लागला तर दोष चहाचाच असेल असं नाही. तुलना करताना सगळ्या कपांना एकच पाणी वापरा. जमलं तर एकच चहा नळाच्या आणि आरओच्या पाण्यात करून बघा. कधी कधी पाकीट बदलण्यापेक्षा पाणी बदलल्याने जास्त फरक पडतो.

दुसरी गोष्ट पावसाळ्याची. चहा ओल आणि वास दोन्ही पटकन शोषतो. आपल्याकडच्या दमट हवेत उघडं पाकीट मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवलं, तर महागातला चहाही महिन्याभरात मान टाकतो. घट्ट झाकणाचा, उजेड आत न जाणारा डबा वापरा.

तुम्हाला फरक खरंच कळतो का?

इथे खरी परीक्षा. १९२०च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड कृषी संशोधन केंद्रात म्युरिएल ब्रिस्टल या शास्त्रज्ञ बाईंनी दावा केला, की कपात आधी दूध ओतलंय की आधी चहा, हे चवीवरून ओळखता येतं. त्यांचे सहकारी रोनाल्ड फिशर यांनी परीक्षा ठरवली. आठ कप, चार एका प्रकारचे, चार दुसऱ्या, क्रम कसाही. नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता सत्तरात एक. फिशर यांनी १९३५ साली आपल्या पुस्तकात हा प्रयोग मांडला आणि आज संख्याशास्त्राच्या वर्गात तो शिकवला जातो.

घरी याची सोपी आवृत्ती करता येते. यावेळी चहा रोजच्यासारखाच, दूध-साखर घालून करा. तीन कप घ्या. दोनांत एक चहा, तिसऱ्यात दुसरा. ओतणारा एक, चाखणारा दुसरा. रंगावरून ओळखू येऊ नये म्हणून स्टीलचे पेले घ्या किंवा डोळे मिटा. आता वेगळा पेला कोणता?

एकदा बरोबर आलं म्हणून टाळ्या नकोत, कारण तुक्का लागण्याची शक्यता तिनात एक आहे. क्रम बदलत सहा वेळा करा. नुसत्या अंदाजाने सहापैकी पाच किंवा त्याहून जास्त वेळा बरोबर येण्याची शक्यता दोन टक्क्यांहूनही कमी असते. तेवढं जमलं तर फरक खरा. नाहीतर जास्तीचे पैसे कशासाठी देतोय, याचा विचार करायला हरकत नाही.

आमच्या घरी हे केलं तेव्हा कोऱ्या चहात फरक चौघांनाही कळला. दूध, साखर आणि आलं पडल्यावर मात्र एकट्या आईलाच वेगळा पेला पुन्हा पुन्हा ओळखता आला. चार माणसांचा खेळ म्हणजे संशोधन नव्हे. पण आमच्या वाणसामानाच्या यादीवर परिणाम व्हायला तेवढा पुरला.

हिशोब किलोचा नको, कपाचा करा

समजा एक चहा ४०० रुपये किलो आहे आणि कपाला ३ ग्रॅम लागतो. दुसरा ६०० रुपये किलो, पण २ ग्रॅममध्ये तेवढाच कडक होतो. दोन्हींचा खर्च कपाला १ रुपया २० पैसेच. म्हणजे 'स्वस्त' चहा स्वस्त नाही आणि 'महाग' चहा महाग नाही. उलटही होऊ शकतं. म्हणून आवडीचा कडकपणा यायला कोणता चहा किती लागतो, हे मोजल्याशिवाय भाव बघून निर्णय घेऊ नका.

चव ठीक, पण भेसळ?

वापरलेला चोथा वाळवून, रंग लावून पुन्हा विकणं हा भेसळीचा जुना प्रकार. एफएसएसएआयने त्यासाठी घरगुती चाचणी सांगितली आहे. फिल्टर पेपरवर थोडा चहा पसरा, थंड पाणी शिंपडून ओला करा, मग कागद नळाखाली धुवा आणि उजेडात बघा. कृत्रिम रंग असेल तर कागदावर लगेच डाग पडलेला दिसतो.

दुसरी चाचणी लोहचुंबकाची. चहावरून चुंबक फिरवला की लोखंडाचा कीस चिकटतो. सीटीसी रोलरच्या झिजेमुळे काही बारीक कण येऊ शकतात, म्हणून एखादा कण दिसला की घाबरू नका. पण कीस भरपूर चिकटला तर तो चहा वापरू नका, थोडा नमुना आणि बिल जपून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. सुटा चहा घेतानाही बिल मागण्याची सवय याचसाठी लावायची.

आणि किती प्यायचा?

चाखताना प्रत्येक कप संपवायची गरज नाही, दोन-तीन घोट पुरतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४च्या आहार मार्गदर्शक तत्त्वांत जेवणाआधी आणि जेवणानंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळायला सांगितलंय. चहातले टॅनिन अन्नातलं लोह शरीरात शोषलं जाऊ देत नाहीत. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक महिलांना रक्तक्षय असल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत दिसलं होतं. त्यामुळे जेवणावरच चहा पिणाऱ्या घरात हा नियम आधी बाईंच्या कपाला लावा.

थोडक्यात काय?

डस्ट म्हणजे वाईट नाही आणि गोल्ड म्हणजे सोनं नाही. सगळ्या कपांना सारखं पाणी, सारखं वजन, सारखा वेळ द्या आणि नाव झाकून चाखा. महाग चहा या परीक्षेत पास झाला तर खुशाल घ्या. साधा चहा पास झाला तर वाचलेल्या पैशांत खारी आणा.