झुंजयंत्राची बॅटरी आणि तिचा चार्जर

पवई येथील आय. आय. टी. मुंबई या संस्थेंत दरसाल 'टेकफेस्ट' हा विद्यार्थ्यांचा विज्ञानोत्सव भरत असतो. १९९८ सालीं त्याचा आरंभ झाला. त्यांतील 'रोबोवॉर्स' ही यंत्रांची झुंज पाहावयास लोटणारी गर्दी एखाद्या जत्रेंतील कुस्त्यांच्या फडाची आठवण करून देते. जाड पारदर्शक भिंतींच्या हौदांत दोन यंत्रें सोडलीं जातात आणि त्यांचे कर्ते बाहेर उभे राहून बिनतारी नियंत्रकानें त्यांना लढवितात. एकाच्या अंगावर गरगर फिरणारें पोलादी पातें असतें, तर दुसऱ्याला प्रतिपक्षास उलथून पाडणारी पहार. यांना यंत्रमानव म्हणावें तर ना हात, ना पाय, ना तोंड. तेव्हां झुंजयंत्र हेंच नांव बरें.

प्रेक्षकांचें लक्ष पात्याकडे असतें, जाणत्यांचें बॅटरीकडे. प्रतिपक्षाचा एकही सणसणीत घाव न बसतां, मध्येंच वीज खुंटल्यामुळें यंत्र जागच्या जागीं उभें राहतें, आणि कित्येक महिन्यांची मेहनत वायां जाते. याहून गंभीर गोष्ट हौदाच्या बाहेरची आहे. ही बॅटरी जेथें भरली जाते तें घर असतें, आणि तेथें माणसें निजलेलीं असतात.

परभणी जिल्ह्यांतील पालम हें गंगाखेडहून लोह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील तालुक्याचें गांव. तेथील एखादा अभियांत्रिकीचा विद्यार्थी सुटींत घरीं बसून पंधरा किलोंचें झुंजयंत्र जुळवूं लागला, तर बॅटरी म्हणतांच त्याच्या डोळ्यांपुढें प्रथम येते ती इन्व्हर्टरची, नाहीं तर ट्रॅक्टरची. ही शिशाची बॅटरी १८५९ सालीं गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें शोधून काढली. ती स्वस्त आहे, सोशिक आहे, चारचौघांच्या ओळखीची आहे. मग तीच कां वापरूं नये?

याचें उत्तर साध्या त्रैराशिकानें मिळतें. झुंज तीन मिनिटांची आणि सरासरी प्रवाह ६० अँपिअर धरावा. तीन मिनिटें म्हणजे तासाचा विसावा भाग. म्हणून लागणारा सांठा ३ अँपिअर-तासांचा. बॅटरी तळापर्यंत उपसावयाची नसते. पांचवा हिस्सा राखून ठेवावा, म्हणजे हिशेब पावणेचारांवर जातो. आणि वापरानें बॅटरीची शक्ति घटत जाते हें लक्षांत घेऊन ५ अँपिअर-तासांची घ्यावी. यंत्राला सुमारें २२ व्होल्ट हवे असतील तर हा सांठा १११ वॉट-तासांचा होतो. शिशाची बॅटरी किलोमागें सुमारें ३५ वॉट-तास देते, म्हणजे तीन किलोंहून अधिक वजन झालें. पण तीन मिनिटांत उपसावयाची म्हटल्यास ती आपल्या सांठ्याचा अर्धाही भाग हातीं लागूं देत नाहीं. तेव्हां वजन दुप्पट. पंधरांतील सहा किलो बॅटरीनेंच खाल्ले, तर पातें आणि चिलखत कशाचें करावयाचें?

लिथियमची बॅटरी हेंच काम पाऊण किलोंत करते. १९९१ मध्यें सोनी कंपनीनें लिथियम-आयन बॅटरी प्रथम बाजारांत आणली. तिच्या संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांना २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. झुंजयंत्रांत तिचाच 'लिथियम पॉलिमर' हा प्रकार विशेष चालतो. त्याच्या प्रत्येक घटाचा दाब ३.७ व्होल्ट, सहा घट एकापुढें एक जोडले कीं २२.२ व्होल्ट होतात. खरेदी करतांना वेष्टणावरील 'सी' हें अक्षर अवश्य वाचावें. ५ अँपिअर-तासांची बॅटरी '३० सी' असेल तर ती १५० अँपिअरपर्यंत प्रवाह देईल असा त्याचा अर्थ. चाक अडकलें किंवा पातें थांबून पुन्हां वेग घेऊं लागलें, कीं क्षणभर एवढा प्रवाह सहज लागतो. मात्र हा छापील आंकडा बहुधा उदार हातानें लिहिलेला असतो. त्यांतील निम्माच खरा मानून बॅटरी निवडावी.

याच कुळांतील दुसरी जात लिथियम आयर्न फॉस्फेटची. तिच्या घटाचा दाब ३.२ व्होल्ट, वजन सुमारें दीडपट भरतें, पण ती सहसा भडकत नाहीं. पहिलेंच यंत्र करणाऱ्यानें हीच घेणें शहाणपणाचें. चार-सहाशें ग्रॅम वजनासाठीं घराला धोका पत्करण्यांत पुरुषार्थ नाहीं.

आतां चार्जर. बॅटरीवर हजारों रुपये खर्चून चार्जर मात्र मिळेल तो घेणारे विद्यार्थी पुष्कळ असतात, आणि खरा अनर्थ येथेंच होतो. लिथियम पॉलिमरचा घट ४.२ व्होल्टला भरला, आयर्न फॉस्फेटचा ३.६५ ला. चार्जरवर जातीची निवड चुकली तर घट फाजील भरून नासतो, प्रसंगीं पेटतो. शिशाचा २४ व्होल्टांचा चार्जर तर २८ व्होल्टांपर्यंत दाब चढवितो. सहा घटांच्या लिथियम पॉलिमरची सीमा २५.२ ची. हा जोड कोणीही, कितीही घाईंत, लावूं नये.

तेवढ्यानें भागत नाहीं. बॅटरीला जाड तारांखेरीज एक सात बारीक तारांचा पांढरा जोड असतो. त्यांतून चार्जर एकेक घट स्वतंत्रपणें मोजतो. एक घट ४.४ वर गेला आणि उरलेले पांच ४.१६ वर राहिले, तरी बेरीज बरोबर २५.२ येते! वर्गाची सरासरी चांगली म्हणून प्रत्येक मूल उत्तीर्ण झालें असें होत नाहीं. म्हणून हा जोड लावल्याशिवाय बॅटरी भरूं नये. वेगाचें प्रमाण असें कीं ५ अँपिअर-तासांना ५ अँपिअर, म्हणजे तासाभरांत भरती. त्यास २५.२ गुणिले ५, म्हणजे १२६ वॉटांचा चार्जर लागतो. पन्नास वॉटांचा घेतला तर अडीच तास लागतील, आणि पुढची झुंज तोंवर थांबणार नाहीं.

मराठवाड्यांत उन्हाचाही विचार केला पाहिजे. उन्हाळ्यांत पारा ४२ अंशांवर जातो, पत्र्याच्या खोलींत त्याहून वर. आणि लिथियमची बॅटरी ४५ अंशांपलीकडे भरावयाची नसते. झुंजीनंतर ती स्वतःच तापलेली असते. हाताला गार लागेपर्यंत थांबावें. भरतांना ती शहाबादी फरशीवर ठेवावी, गादी-पडद्यांपासून दूर. जवळ कोरड्या वाळूची बादली असावी, आणि माणूस जागा असावा. रात्रीं लावून निजणें ही संवय घरच्या वडील मंडळींनीं मोडून काढावी. फुगलेली बॅटरी कितीही महाग असली तरी पुन्हां भरूं नये. कांहीं दिवस वापर नसेल तर घटामागें ३.८ व्होल्ट ठेवून ती सांठवावी. भरलेली किंवा रिकामी ठेवली तर नासते. विमानानें स्पर्धेस जाणाऱ्यानें हेंही ध्यानांत ठेवावें कीं सुटी बॅटरी हातांतील सामानांतच न्यावी लागते, आणि १०० वॉट-तासांहून मोठी असल्यास विमानकंपनीची आधीं परवानगी घ्यावी लागते. वरील १११ ची बॅटरी या नियमांत सांपडते.

राहिला प्रश्न वीज गेल्यावर काय करावें याचा. बऱ्याच चांगल्या चार्जरांना १२ व्होल्टांचा सरळ प्रवाहही चालतो. विकत घेतांना तशी सोय पाहून घ्यावी. मग घरांतील इन्व्हर्टरची तीच शिशाची बॅटरी उपयोगास येते. एका भरतीला तिच्यांतून सुमारें ११ अँपिअर-तास खर्ची पडतात. १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीचा अर्धाच सांठा वापरला तरी झुंजयंत्राची बॅटरी सहा वेळां भरून निघते. मधल्या तारा मात्र जाड घ्याव्या, कारण त्यांतून बारा अँपिअरांच्या आसपास प्रवाह तासभर वाहत असतो.