चौकट सावरणारे तिरके लाकूड

चार लाकडी पट्ट्यांचा चौकोन करा आणि प्रत्येक कोपऱ्यात एकच खिळा मारा. वरच्या पट्टीला बोटाने ढकलले, की चौकोन कलतो. पट्ट्या शाबूत राहतात, बदलतात ते फक्त कोपऱ्यांतले कोन. आता समोरासमोरचे कोपरे जोडणारी पाचवी पट्टी ठोका. चौकोनाचे दोन त्रिकोण होतात आणि बाजूंची लांबी बदलल्याशिवाय त्रिकोणाचा आकार बदलत नाही. भूकंपात घराला आडवे हिसके बसतात, तेव्हा ही पाचवी पट्टी चौकटीला सावरते.

३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात पडलेल्या माळवदाच्या अनेक घरांत लाकडी खांब आणि तुळया होत्याच. पण जोड ढिले, तिरका टेकू नाही आणि डोक्यावर मातीचा जाड थर! नंतर घरे बळकट करताना माती कमी करण्याचा आणि खांब-तुळईच्या कोपऱ्यात तिरके टेकू बसवण्याचा सल्ला दिला गेला.

काश्मीरमध्ये तिरक्या लाकडाची रीत जुनी आहे. तिथल्या ‘धज्जी देवारी’ भिंतीत उभ्या, आडव्या आणि तिरक्या लाकडांचे लहान लहान खण असतात आणि ते दगड-विटा व मातीने भरतात. नावाचा अर्थ ठिगळांची भिंत, दिसतेही गोधडीसारखी. ८ ऑक्टोबर २००५ च्या ७.६ तीव्रतेच्या भूकंपानंतर आसपासच्या साध्या दगडी घरांपेक्षा ही घरे चांगली टिकल्याचे अभियंत्यांना आढळले. नियंत्रण रेषेपलीकडच्या पुनर्बांधणीतही ही पद्धत स्वीकारली गेली.

अशी भिंत संगणकावर काढणे वरवर सोपे आहे. रेव्हिटसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ब्रेस’साठी वेगळे साधनच आहे. दोन टोके दाखवायची, लाकडाची जाडी-रुंदी निवडायची, की तिरके लाकूड तयार. पडद्यावर त्याचे टोक खांबात सुबक घुसलेले दिसते. प्रत्यक्षात सुताराला ते नेमक्या कोनात कापावे लागते. मॉडेलमध्ये तो काप दाखवला नाही, तर कोपऱ्यातले लाकूड दोनदा मोजले जाऊ शकते. ही चूक फार तर पैशांची.

गंभीर चूक होते ती ताकदीच्या हिशेबात. तिथे लाकूड म्हणजे एक रेषा आणि जोड म्हणजे एक बिंदू. हा बिंदू बिजागरीसारखा फिरणारा मानायचा की घट्ट, हे माणसालाच सांगावे लागते. घट्ट मानला, की चौकट आहे त्याहून मजबूत ठरते. धज्जीत तर तिरके लाकूड बहुधा साध्या खिळ्यांवर असते. दाब आला, की त्याचे टोक खांबाला टेकते आणि भार पेलते. ताण आला, की खिळा उपसतो. म्हणून ते फक्त दाब घेते असे धरणे सुरक्षित, आणि उलट दिशेच्या हिसक्यासाठी उलट तिरकी पट्टीही हवी. शिवाय खणातले दगड एकमेकांवर घासतात आणि भूकंपाची बरीच ऊर्जा त्या घर्षणात खर्च होते. रेषांच्या मॉडेलमध्ये हे दगड नसतातच.

या कारणाने अरुप या कंपनीच्या अभियंत्यांनी धज्जी घराचे मॉडेल करताना लाकडाबरोबर जोड आणि भरणही हिशेबात घेतले. पेशावरच्या अभियांत्रिकी विद्यापीठात तर पूर्ण आकाराच्या धज्जी भिंती बांधून, त्यांना आडवे ढकलून आणि ओढून त्यांची चाचणी घेण्यात आली.