हिमनदाचा जमाखर्च

गंगोत्रीचें गोमुख मागें हटत आहे, ही वार्ता वाचकांच्या कानीं आलीच असेल. १९३५ सालीं भूगर्भशास्त्रज्ञ ऑडेन यांनीं त्याचा नकाशा काढून ठेविला, म्हणूनच ती खातरीनें सांगतां येते. परंतु नुसत्या मुखावरून हिमनदाची प्रकृति कळत नाहीं. तें कित्येक वर्षांनीं हालतें. आम्हांस भावला तो स्वीडनमधील स्टोरग्लासियेरेन हिमनदाचा जमाखर्च. बर्फांत काठ्या रोवून, हिवाळ्याअखेर सांचलेलें हिम जमेस व उन्हाळ्याअखेर वितळलेलें खर्चीं घालतात. १९४६ पासून ही वही अखंड आहे. संबंध हिमनदाची इतकी जुनी अखंड वही जगांत दुसरी नाहीं. हवा तापत चालल्यानें अलीकडे बहुतेक सालीं तूटच! चुकलेलें वर्ष मागाहून भरतां येत नाहीं, कारण वितळलेलें हिम खूण ठेवीत नाहीं. हिमालयांत, लाहुलमधील छोटा शिगरी हिमनदावर, अशी मोजणी २००२ पासून चालू आहे.