विश्लेषण : ‘कंट्रोल + सी’ दाबूनही कॉपी का होत नाही? जुने शॉर्टकट बदलायला टेक्स्ट एडिटर का कचरतात?

‘कंट्रोल + सी’ म्हणजे कॉपी आणि ‘कंट्रोल + व्ही’ म्हणजे पेस्ट, हे संगणक वापरणाऱ्या बहुतेकांच्या बोटांना पाठ असते. मात्र प्रोग्रामर वापरतात त्या काही टेक्स्ट एडिटरमध्ये हा नियम चालत नाही. ‘ईमॅक्स’मध्ये ‘कंट्रोल + सी’ दाबले तर एडिटर पुढच्या बटणाची वाट पाहत थांबतो. ‘नॅनो’मध्ये ‘कंट्रोल + एक्स’ने मजकूर कट होत नाही, थेट बाहेर पडण्याची आज्ञा जाते. जगभर एकच पद्धत रूढ झाली असताना हे एडिटर ती का स्वीकारत नाहीत? आणि शॉर्टकट आपल्या सोयीने बदलून घेता येत असतील, तर वाद कशाचा?

आधी कोण आले?

ईमॅक्सचा जन्म १९७६ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत झाला. बिल जॉय यांनी ‘व्हीआय’ या एडिटरचे कामही त्याच वर्षी सुरू केले. पुढे ‘व्हिम’ हा त्याचा सुधारित अवतार आला. झेड, एक्स, सी, व्ही या चार अक्षरांची जोडणी ॲपलच्या १९८३ मधील ‘लिसा’ आणि १९८४ मधील ‘मॅकिन्टॉश’ संगणकांमुळे लोकांपर्यंत पोहोचली. विंडोजने ती नंतर उचलली. म्हणजे या एडिटरनी नियम मोडलेला नाही. ते आले तेव्हा हा नियम अस्तित्वातच नव्हता. ईमॅक्समध्ये कॉपीसाठी ‘ऑल्ट + डब्ल्यू’ आणि पेस्टसाठी ‘कंट्रोल + वाय’ आहे. ‘कंट्रोल + एक्स’ आणि ‘कंट्रोल + सी’ ही तेथे दारे आहेत. त्यांच्यामागे दुसरे बटण दाबून शेकडो आज्ञा देता येतात. फाइल सेव्ह करायची तर ‘कंट्रोल + एक्स’ आणि मग ‘कंट्रोल + एस’.

बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी म्हणजे काय?

जुन्या आवृत्तीत जे चालत होते ते नव्या आवृत्तीतही तसेच चालले पाहिजे, हे सॉफ्टवेअरचे न लिहिलेले वचन. शॉर्टकटच्या बाबतीत त्याचे महत्त्व अधिक, कारण सवय मेंदूपेक्षा बोटांत बसलेली असते. मेनूतील एखादा पर्याय हलवला तर वापरकर्ता तो शोधतो. शॉर्टकट बदलला तर तो शोधत नाही. बोट आपोआप जुनेच बटण दाबते आणि भलतेच काम होऊन बसते.

प्रश्न फक्त सवयीचाही नाही. व्हिममध्ये बटणांचा क्रम ‘मॅक्रो’ म्हणून साठवता येतो आणि नंतर शेकडो ओळींवर एका झटक्यात चालवता येतो. त्या क्रमातील एका बटणाचा अर्थ बदलला, तर मॅक्रो कोणतीही तक्रार न करता चुकीचे बदल करत सुटेल.

‘वाय’चा किस्सा काय?

व्हिममध्ये मोठा ‘डी’ कर्सरपासून ओळीच्या शेवटापर्यंतचा मजकूर काढतो आणि मोठा ‘सी’ तेवढाच मजकूर बदलायला घेतो. या हिशेबाने मोठ्या ‘वाय’ने तेवढाच मजकूर कॉपी व्हायला हवा, पण तो पूर्ण ओळ कॉपी करतो. व्हिमची अधिकृत माहितीपुस्तिकाही मान्य करते, की दुसरी पद्धत जास्त तर्कसंगत आहे, पण ती व्हीआयशी जुळत नाही. म्हणून व्हिमने जुनेच वागणे ठेवले आणि ज्याला हवे त्याने एका ओळीच्या सेटिंगने बदलावे, असे सुचवले. व्हिममधूनच निघालेल्या ‘निओव्हिम’ने मात्र २०२१ मध्ये ०.६ आवृत्तीत तर्कसंगत अर्थच मूळ सेटिंग केला. विसंगती तीच, पण एकाने जुन्यांची बाजू घेतली आणि दुसऱ्याने नव्यांची.

मग ज्याने त्याने बदलून घ्यावे, हे पुरेसे नाही का?

अर्धेच पुरेसे आहे. बदललेले शॉर्टकट आपल्या संगणकावर चालतात. सहकाऱ्याच्या संगणकावर किंवा दूरच्या सर्व्हरवर लॉगिन केले की मूळ सेटिंगच समोर येते. शिवाय सेटिंग बदलण्यासाठी आधी एडिटर यावा लागतो, आणि नवख्याची अडचण नेमकी तीच असते. त्यामुळे मूळ सेटिंग काय ठेवायचे, यावर कोणाला त्रास होणार ते ठरते.

मधला मार्ग कोणता?

ईमॅक्समधील ‘सीयूए मोड’ सुरू केल्यास मजकूर निवडलेला असताना ‘कंट्रोल + सी’ कॉपी करते आणि निवडलेला नसताना जुनेच काम करते. विंडोज १० च्या कमांड प्रॉम्प्टमध्येही हीच युक्ती आहे. मजकूर निवडलेला असेल तर कॉपी, नाहीतर चालू प्रोग्राम थांबवणे.

नॅनोने २०२४ मध्ये ८.० आवृत्तीत ‘कंट्रोल + एफ’ला शोधण्याचे काम दिले. आधी त्याने कर्सर एक अक्षर पुढे जात असे. पण कट-कॉपी-पेस्टची नवी बटणे सर्वांवर लादली नाहीत. ‘मॉडर्न बाइंडिंग्ज’ या वेगळ्या पर्यायाने ती सुरू करता येतात.

ईमॅक्सचा आणखी एक नियम महत्त्वाचा आहे. ‘कंट्रोल + सी’ आणि त्यानंतर एक अक्षर, तसेच एफ५ ते एफ९ ही बटणे वापरकर्त्यासाठी राखीव आहेत. त्यांना हात लावायचा नाही, असा दंडक विस्तार लिहिणाऱ्यांसाठी आहे. त्यामुळे स्वतः बसवलेली बटणे पुढच्या अपडेटमध्ये कोणी हिसकावून घेत नाही.

मराठी टायपिंगशी काय संबंध?

हाच पेच मराठी टंकलेखनाने अनुभवला आहे. टाइपरायटरवर रेमिंग्टन कीबोर्ड शिकलेल्यांची बोटे एका मांडणीत बसलेली होती. संगणकासाठी प्रमाणित झालेली इनस्क्रिप्ट मांडणी भारतीय लिप्यांच्या वर्णव्यवस्थेवर आधारलेली आणि अधिक शिस्तशीर आहे. तरीही अनेक मराठी टायपिंग सॉफ्टवेअरमध्ये रेमिंग्टनचा पर्याय आजही मिळतो. वर्षानुवर्षे कमावलेला वेग एका रात्रीत शून्यावर आणला, तर त्याची किंमत टंकलेखकाला मोजावी लागते, मांडणी ठरवणाऱ्याला नाही.

शॉर्टकट बदलताना काय काळजी घ्यावी?

‘व्हीएस कोड’मध्ये ‘कंट्रोल + के’ आणि लगेच ‘कंट्रोल + एस’ दाबल्यावर सर्व शॉर्टकटची यादी उघडते. एखादे बटण आधीच दुसऱ्या कामाला जोडलेले आहे का, हे तेथे तपासता येते. व्हिम किंवा ईमॅक्सची सवय असलेल्यांसाठी तयार कीमॅपही मिळतात. रोज लागणारी मोजकीच बटणे बदलावीत, सेटिंगच्या फाइलची प्रत जपून ठेवावी आणि मूळ शॉर्टकटही लक्षात ठेवावेत. दुसऱ्याच्या संगणकावर बसल्यावर तेच कामी येतात.